जॅझ गिटार आणि ब्राझीलचं गाणं: ऐकायला सुरुवात कुठून करायची?

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "जॅझ ऐकावंसं वाटतं, पण डोक्यावरून जातं. कुठून सुरू करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी ब्राझीलला जा आणि तिथून गिटारचा हात धरून अमेरिकेत शिरा. ब्राझीलच्या गाण्याला चाल आहे, शब्द आहेत, कामं करता करता गुणगुणता येईल असं काहीतरी त्यात आहे. भावगीतांवर वाढलेल्या कानाला एवढा आधार पुरतो. आणि त्या चालीखाली जे स्वरमेळ (एकदम वाजणारे तीन-चार सूर, म्हणजे कॉर्ड) असतात त्यांचं जॅझशी इतकं जवळचं नातं आहे, की पलीकडच्या घरात कधी पोहोचलो ते कळतही नाही.

आपली एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. आपला कान गाणाऱ्याच्या मागे जातो. तंबोरा लागलेला असतो, षड्ज जागचा हलत नाही आणि त्या पक्क्या जमिनीवर गवई फिरतो. या संगीतात पुष्कळदा नेमकं उलटं होतं. वरची चाल जागच्या जागी राहते आणि खालची जमीन सरकते. लक्ष फक्त चालीवर राहिलं तर "गोड आहे, पण पुढे काय?" असं वाटून गाणं संपून जातं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच सवयीसाठी आहेत: आवाजाखाली काय चाललंय ते ऐकायची सवय.

सुरू करण्याआधी

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. गिटारवर अंगठ्याने वाजवलेले खालचे सूर छोट्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाहीत, आणि निम्मं गाणं तिथेच आहे. साधे इअरफोनही चालतील. एका आठवड्यात एकच तबकडी घ्या आणि ती चार-पाच वेळा ऐका. अ‍ॅप आपणहून पुढचं गाणं लावतं ती सोय बंद करा. त्यातून एकामागून एक गुळगुळीत 'कॅफे संगीत' येत राहतं आणि कान पुन्हा झोपतो.

पोर्तुगीज नावांना बिचकू नका. गोव्यातला सांजाव ऐकून माहीत असेल, २४ जूनला विहिरीत उड्या मारतात तो. सांजाव म्हणजे सांव जुआंव, संत जॉन. हाच सण ब्राझीलच्या ईशान्य भागात शेकोट्या पेटवून होतो, आणि त्याच भागात जन्मलेल्या, बोसा नोव्हा या ब्राझीलच्या हळुवार गायनशैलीतल्या मुख्य माणसाचं नाव आहे जुआंव जिल्बेर्तू. शोधताना रोमन अक्षरांत जे-ओ-ए-ओ असं टाकायचं. ब्राझीलमध्ये 'दे'चा उच्चार बहुतेक ठिकाणी 'जी' होतो आणि शेवटचा 'ओ' 'ऊ'कडे झुकतो, एवढं लक्षात ठेवलं तरी नावं ओळखीची वाटू लागतात. काजू आणि अननस आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहूनच आले, तेही तिथल्या तुपी भाषेतली नावं घेऊन. तेव्हा शेजार जुना आहे.

पायरी पहिली: एक सूर धरून बसा

पहिलं गाणं 'साम्बा जी उमा नोता सो', म्हणजे 'एकाच सुराचा सांबा'. सांबा हा ब्राझीलचा नाचाचा ठेका आणि त्यावरचं गाणं. संगीतकार अंतोनियू कार्लोस जोबिम, शब्द न्यूटन मेंदोन्सा यांचे. जुआंव जिल्बेर्तूने १९६० साली काढलेल्या दुसऱ्या एलपीतलं हे पहिलंच गाणं आहे. पहिल्यांदा नुसतं ऐका. चाल एका सुरावर ठोकत राहते, मग दुसऱ्या एका सुरावर जाते, परत येते, मधल्या भागात एकदम धावत सुटते आणि पुन्हा त्याच सुरावर येऊन बसते.

आता घरात पेटी असेल तर काढा. पांढरी एक षड्ज धरा. उजव्या हाताने शुद्ध मध्यम दाबून ठेवा आणि सोडू नका. डाव्या हाताने खाली क्रमाने वाजवा: रे, कोमल रे, सा, मंद्र नी. प्रत्येकावर थोडं थांबा. वरचा मध्यम तोच आहे, भात्याची हवा तीच आहे, तरीही चारही वेळा त्याचा चेहरा बदलतो. रिषभावर तो थोडा उदास वाटतो, कोमल रिषभावर उजळतो, षड्जावर अधांतरी राहतो आणि मंद्र निषादावर टोचायला लागतो. जोबिमने गाण्याच्या सुरुवातीला हेच केलं आहे: वर एक सूर आणि खाली एकेका पडद्याने उतरणारा आधार.

हा प्रयोग मी अनेकांकडून करून घेतला आहे आणि बहुतेकांचा हात तिसऱ्या फेरीला थबकतो. "अरे, सूर बदलला का?" सूर बदललेला नसतो. ते एकदा कानाला कळलं, की स्वरमेळ म्हणजे काय याचं निम्मं शिक्षण झालं. बाकी निम्मं पुढच्या तबकड्या देतात.

त्यानंतर 'देझाफिनादू' ऐका. शब्दाचा अर्थ 'बेसूर'. पुन्हा जोबिम आणि मेंदोन्सा. आपल्याला बेसूर म्हणणाऱ्या प्रेयसीला गाणारा उत्तर देतोय आणि चाल मुद्दाम अशा स्वरावर जाऊन थांबते, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, चुकला की काय. दोन-तीनदा ऐकल्यावर तोच स्वर हवाहवासा वाटतो. तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा ऐका.

पायरी दुसरी: जुआंवचा उजवा हात

जुआंव जिल्बेर्तू १९३१ साली बाहिया राज्यातल्या जुआझेरूमध्ये जन्मला, सांव फ्रांसिस्कू नदीच्या काठी. १९५० साली रिओला गेला, गायकांच्या एका चमूत राहिला, तिथे बस्तान बसलं नाही. मग तो मिनास जेराइस राज्यातल्या जियामांतिना गावी बहिणीच्या घरी काही महिने राहिला. तिथे न्हाणीघरात बसून तासन् तास गिटार वाजवायचा, कारण फरशांवरून आवाज घुमून परत यायचा आणि स्वतःचा प्रत्येक सूर नीट ऐकू यायचा. आवाज न चढवता गायचं आणि सगळा सांबा एका गिटारवर आणायचा, हे त्याने त्या काळात पक्कं केलं.

१९५८ साली जोबिमची चाल आणि कवी विनिसियुस जी मोराइस यांचे शब्द घेऊन त्याने 'शेगा जी साउदाजी' ध्वनिमुद्रित केलं. शेगा म्हणजे 'पुरे' आणि साउदाजी म्हणजे आपली हुरहूर. 'पुरे झाली ही हुरहूर.' जेमतेम दोन मिनिटांचं गाणं आहे. पहिला भाग कोमल गंधाराचा, दुसरा शुद्ध गंधाराचा. ढग सरकून ऊन पडावं तसा तो बदल होतो. ती जागा शोधून काढा. गाण्यातला माणूस तिथे दुःख सोडून भेटीची स्वप्नं बघायला लागतो आणि गंधार बदलून संगीतकाराने ते आधीच सांगितलेलं असतं.

आता हात. सांब्याच्या मिरवणुकीत सुर्दू नावाचा मोठा ढोल असतो आणि तांबोरीं नावाचं तळहाताएवढं वाद्य असतं, काठीने वाजवायचं. ढोल ठेका धरून ठेवतो, तांबोरीं आडव्या जागा भरतं. जुआंवने ढोल अंगठ्याला दिला आणि तांबोरीं बाकीच्या बोटांना.

शिकवणीत या ठेक्याचं जे सोपं रूप सांगतात ते आपल्याला फार लवकर समजतं, कारण ते सोळा मात्रांत बसतं. सोळा मोजा. अंगठा १, ५, ९, १३ वर पडतो, म्हणजे थेट तीनतालाचे विभाग. बोटं १, ४, ७, ११, १४ वर. डाव्या हाताने मांडीवर अंगठ्याच्या मात्रा धरा, उजव्या हाताने टेबलावर बोटांच्या. हळू. एका दमात जमणार नाही, दोन-तीन दिवस लागतात. फरक एवढाच, की तीनतालात आपण समेवर येऊन पडतो आणि सांब्यात ढोलाचं वजन ५ आणि १३ वर असतं. सम येते, पण तिच्यावर कुणी बसत नाही. आपल्या अंगाला हे विचित्र वाटतं आणि सांब्यातला झुलता भाव येतो तो याच जागेतून. जुआंव स्वतः मात्र एकच नमुना घोटत बसत नाही. तो बोटांच्या जागा सतत थोड्या हलवतो आणि त्यावर आवाज स्वतंत्रपणे पुढे-मागे तरंगतो. गाणं आणि हात दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतका.

'बोसा नोव्हा' याचा अर्थ 'नवी ढब'. ती ढब या हातात आहे.

पायरी तिसरी: अमेरिकेतली गिटार, जी ऐकूच येत नव्हती

आता उत्तरेकडे. १९३० च्या दशकातल्या मोठ्या बँडमध्ये पाच-सहा तुताऱ्या आणि चार-पाच सॅक्सोफोन एकाच वेळी वाजायचे. त्यात गिटारवाल्याने कितीही जोर लावला तरी त्याचा एकेरी सूर कुणाला ऐकू जायचा नाही. त्यामुळे त्याचं काम उरायचं ठेका धरण्याचं. ते काम किती सुंदर असू शकतं हे ऐकायचं असेल तर काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन ऐका. १९३७ पासून १९८७ मध्ये जाईपर्यंत तो तिथे होता. विजेचं यंत्र न लावता, प्रत्येक मात्रेला एक आघात. 'लिल डार्लिन' लावा आणि सगळ्या वाद्यांच्या मागे मंद, घड्याळासारखी टकटक ऐका. ती सापडली की बँडचा कणा सापडला.

१९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची विजेवरची गिटार बाजारात आणली. तीन वर्षांनी, १९३९ मध्ये ओक्लाहोमात वाढलेला चार्ली ख्रिश्चन तीच गिटार घेऊन बेनी गुडमनच्या संचात आला. त्याने सॅक्सोफोनसारखी लांबलचक, श्वास घेत जाणारी वाक्यं गिटारवर वाजवली. संचाचं काम संपलं की रात्री तो हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसला जाऊन बसायचा, जिथे पुढे बीबॉप म्हणून ओळखलं गेलेलं जॅझ आकार घेत होतं. मार्च १९४२ मध्ये क्षयाने तो गेला, वय २५. ध्वनिमुद्रणाची जेमतेम दोन वर्षं त्याला मिळाली आणि त्यानंतरचा जवळपास प्रत्येक जॅझ गिटारवादक त्याच्या वाक्यांवर वाढला. 'सोलो फ्लाइट' हे त्याचं १९४१ चं ध्वनिमुद्रण पुरेसं आहे. गिटार पुढे आणि अख्खा बँड साथीला, ही अदलाबदल त्यात कानाने बघता येते.

युरोपात जँगो राइनहार्ट. बेल्जियममध्ये जन्मलेला रोमा माणूस, कॅरॅव्हॅनमध्ये राहणारा. १९२८ साली त्या कॅरॅव्हॅनला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी त्याने जे वाजवलं ते दहा बोटं धड असलेल्यांना आजही अवघड जातं. व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबरचं १९३७ चं 'मायनर स्विंग' आधी ऐका. मग १९४० चं 'नुआज', म्हणजे 'ढग'.

आणि आता ज्याच्यासाठी ही पायरी लिहिली तो वेस माँटगोमेरी. इंडियानापोलिसचा, चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून स्वतःच शिकलेला. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबमध्ये वादन, घरी मोठं कुटुंब. पिकचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीचा, आवाज खणखणीत येतो, शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून तो अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवू लागला, असं सांगितलं जातं. त्या अंगठ्यामुळे त्याच्या गिटारचा सूर ऊबदार आणि गोल झाला. १९६० ची 'द इनक्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी' ही तबकडी घ्या. 'फोर ऑन सिक्स' किंवा 'वेस्ट कोस्ट ब्लूज' लावा.

ऐकताना एवढंच बघा. सुरुवातीला तो एकेरी सूर वाजवतो. काही आवर्तनांनंतर तोच सूर दोन सप्तकांत एकत्र यायला लागतो, मध्य सा आणि तार सा एकदमच दाबल्यासारखा. आवाज वाढलेला नसतो, पण गिटार रुंद होते. शेवटी संपूर्ण स्वरमेळांत चाल बोलू लागते. बढतीची ही कल्पना आपल्याला नवी नाही. ख्याल ऐकणारा माणूस वेसकडे पटकन वळतो तो यामुळेच, असा माझा अनुभव आहे. १९६८ साली, ४५ व्या वर्षी, हृदयविकाराने वेस गेला.

जिम हॉल आणि जो पास यांच्यासाठी दोन संध्याकाळी ठेवा. हॉलची पियानोवादक बिल एव्हान्सबरोबरची १९६२ ची 'अंडरकरंट' म्हणजे दोन माणसांचं हलक्या आवाजातलं बोलणं. 'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये पियानो एकल वाजत असताना मागे हॉल काय करतोय तेवढंच एकदा ऐका. जो पासच्या १९७३ च्या 'व्हर्च्युओसो'मध्ये बव्हंशी एकटी गिटार आहे, आणि आधार, स्वरमेळ, चाल हे तिन्ही एकाच हातात.

आपल्याकडचं एक नाव या रांगेत हक्काने येतं. अमान्सियो डिसिल्वा, १९३६ साली मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेला गिटारवादक. वेसचा प्रभाव घेऊन तो लंडनला गेला आणि १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' ही तबकडी आणली. त्याच वर्षी जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' केली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं. त्यातलीच माणसं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात बसायची. जुन्या हिंदी गाण्यांच्या मागचे स्वरमेळ त्यांच्याच हातचे. म्हणजे आपल्या कानावर हे सगळं पूर्वीच पडलेलं आहे, फक्त आपण लक्ष गायकाकडे ठेवलं.

पायरी चौथी: दोन्ही गिटार एका खोलीत

इथपर्यंत आलात की एक गोष्ट जाणवेल. अमेरिकेत विजेमुळे गिटार मोठी झाली आणि सॅक्सोफोनच्या शेजारी उभी राहिली. ब्राझीलमध्ये त्याच विजेने, म्हणजे मायक्रोफोनने, गाणाऱ्याला कुजबुजण्याची मुभा दिली आणि नायलॉनच्या तारांची गिटार त्या कुजबुजीला अख्खा ताफा पुरवू लागली. एकच शोध, दोन विरुद्ध दिशा.

ओळख आधीपासून होती. ब्राझीलचा लाउरिंदू आल्मेइदा १९४७ मध्ये अमेरिकेत गेला होता आणि १९५३ मध्ये त्याने सॅक्सोफोनवादक बड शँकबरोबर ब्राझीलच्या चाली ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पण मोठी लाट आणली चार्ली बर्डने. १९६१ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर तो दक्षिण अमेरिकेत गेला, तिथे बोसा नोव्हा ऐकून भारावला आणि परत आल्यावर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झला ते ऐकवलं. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात दोघांनी 'जॅझ सांबा' ध्वनिमुद्रित केली. पुढच्या वर्षी ती बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मला या तबकडीतला ठेका जरा ताठ वाटतो. जुआंवचा हात ऐकून आलेल्याला तो फरक जाणवेलच, आणि जाणवला तर दुसरी पायरी नीट झाली असं समजा.

मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला गेट्झ, जुआंव आणि पियानोवर जोबिम एकत्र बसले. १९६४ मध्ये 'गेट्झ/जिल्बेर्तू' बाहेर आली आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी तिला मिळालं. 'इपानेमाची मुलगी' हे गाणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण बहुतेकांनी अर्धंच. रेडिओसाठी काढलेल्या छोट्या तबकडीत जुआंवचं पोर्तुगीज कडवं कापून टाकलं होतं. म्हणून पाच मिनिटांचं मूळ रूप शोधा. आधी जुआंवची गुणगुण आणि गिटार, मग त्याचं कडवं, मग त्याची तेव्हाची पत्नी अस्त्रूद जिल्बेर्तू हिचा इंग्रजी आवाज, मग गेट्झ, मग जोबिमचा पियानो. जोबिम इथे किती कमी सूर वाजवतो ते बघा. अस्त्रूदमुळे हे गाणं जगभर गेलं आणि मूळ मुखपृष्ठावर तिचं नाव छापलेलं नव्हतं. मला ते आजही खटकतं. तुम्ही ऐकाल तेव्हा तिचं नाव घेऊन ऐका.

पायरी पाचवी: बादें पॉवेल, किनाऱ्यावरून आत

बोसा नोव्हा ही रिओच्या समुद्रकाठच्या सदनिकांतली गोष्ट. फक्त तीच ऐकत राहिलं तर ब्राझीलचं संगीत म्हणजे कायमचा मंद वारा असा समज होतो. तो मोडायला बादें पॉवेल. वडिलांना बालवीर चळवळीचं प्रेम, म्हणून मुलाला तिच्या संस्थापकाचं नाव. १९६६ मध्ये विनिसियुसबरोबर त्याने 'ओस आफ्रो-सांबास' केली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी जपलेल्या कांदोंब्ले पंथाच्या देवतांवरची ही गाणी आहेत. 'कांतू जी ओसान्या' लावा. गिटारचा एक छोटा, घुमणारा तुकडा सुरू होतो आणि सोडतच नाही. संबळ वाजायला लागल्यावर अंगात काय होतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना हे संगीत कुठून येतं ते समजावून सांगावं लागणार नाही. बादेंच्या हाताला शास्त्रीय गिटारचं शिक्षण आहे आणि तरीही तो तारांवर खरखरीत वाजवायला कचरत नाही.

पायरी सहावी: गिटारविरुद्धचा मोर्चा

१९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतरच्या पिढीच्या गाण्याला 'एमपीबी' म्हणतात, म्हणजे ब्राझीलचं लोकप्रिय संगीत. नावं खूप आहेत: शिकू बुआर्की, एलिस रेजिना, काएतानू वेलोझू, जिल्बेर्तू जिल, मिल्तों नासिमेंतू. सगळ्यांना एकदम कवेत घेऊ नका.

एक प्रसंग ध्यानात ठेवा, त्यावरून सगळा काळ कळतो. पोर्तुगीजमध्ये साध्या गिटारला 'व्हियोलांव' म्हणतात आणि 'गितारा' म्हटलं की ब्राझीलमध्ये विजेची. जुलै १९६७ मध्ये साओ पावलोच्या रस्त्यावर गायकांनी विजेच्या गिटारविरुद्ध मोर्चा काढला, परदेशी आक्रमण म्हणून. एलिस त्यात होती, जिल्बेर्तू जिलही होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनवरच्या गीतस्पर्धेत हाच जिल 'ओस मुतांतेस' या तरुण संचाच्या विजेच्या गिटार घेऊन मंचावर उभा राहिला आणि दुसरा आला. तिथून त्रोपिकालिया, म्हणजे देशी गाणं आणि परदेशी रॉक बिनदिक्कत एकत्र करणारी चळवळ निघाली. १३ डिसेंबर १९६८ च्या, नागरी हक्क गोठवणाऱ्या लष्करी फर्मानानंतर दोनच आठवड्यांत जिल आणि काएतानूला अटक झाली. पुढे १९७२ पर्यंत दोघं लंडनला हद्दपारीत राहिले. हाच जिल २००३ मध्ये देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला.

जिलचा आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. साल्वादोरच्या गोदी कामगारांनी १९४९ मध्ये 'फिल्योस जी गांधी', म्हणजे 'गांधींची लेकरं' नावाचा कार्निव्हलचा ताफा काढला, पांढरे कपडे आणि फेटे घालून निघणारा. हद्दपारीतून परतलेला जिल त्यात सामील झाला आणि त्याने त्याच नावाचं गाणं केलं. गायक-गिटारवादक जॉर्जी बेनबरोबरच्या १९७५ च्या तबकडीत ते आहे. दोन गिटार, दोन आवाज, आणि कुठे थांबायचं हे आधी ठरवलंय असं वाटतच नाही.

या पायरीवर विकत घ्यावी अशी एकच तबकडी सांगायची तर १९७४ ची 'एलिस आणि तों'. तों म्हणजे जोबिम. पहिलं गाणं 'आगुआस जी मार्सू', मार्च महिन्यातलं पाणी. तिकडे मार्चमध्ये पावसाळा संपत असतो. काठी, दगड, काचेचा तुकडा अशी वस्तूंची नुसती यादी आहे आणि खाली आधार पायरी पायरीने उतरत जातो. पेटीवर जे केलं होतं ते इथे पुन्हा ओळखू येईल. शेवटी दोघं हसायला लागतात. मग हेच गाणं जुआंवच्या १९७३ च्या तबकडीत ऐका: फक्त गिटार, आवाज आणि अगदी हलका ताल.

पायरी सातवी: डोंगराकडे

मिनास जेराइस हे डोंगराळ, खाणींचं राज्य. तिथल्या मित्रमंडळींनी १९७२ मध्ये 'क्लूबी दा इस्किना', 'कोपऱ्यावरचं मंडळ' ही जोड-तबकडी केली. मिल्तों नासिमेंतू, लो बोर्जेस आणि गिटारवर तोनिन्यू ओर्ता. चर्चचं समूहगान, बीटल्स आणि जॅझ एकत्र आलंय, पण सांधा कुठे दिसत नाही. दोन वर्षांनी सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरने मिल्तोंला घेऊन 'नेटिव्ह डान्सर' ध्वनिमुद्रित केली.

अमेरिकन गिटारवादक पॅट मेथिनीला ओर्ताच्या स्वरमेळांनी ओढून घेतलं. ब्राझीलचा तालवादक नाना वास्कोन्सेलोस १९८० च्या दशकात त्याच्या संचात आला. १९८२ ची 'ऑफरँप' आणि १९८७ ची 'स्टिल लाइफ' यांत शब्दांशिवाय गाणारे आवाज येतात, ते मिल्तोंच्या घरून आलेले आहेत. इथे चार्ली ख्रिश्चनची विजेची गिटार आणि जुआंवचा देश एकाच गाण्यात ऐकू येतात.

घरी गिटार असेल तर

नायलॉनच्या तारांची असेल तर उत्तम, लोखंडी तारांचीही चालेल. पिक बाजूला ठेवा. ए मायनर सेव्हन धरा. अंगठा पाचव्या तारेवर. तर्जनी, मधलं बोट, अनामिका अनुक्रमे चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेवर. तिन्ही बोटं एकदम उचला, झंकार न करता चिमटा काढल्यासारखी. आता दुसऱ्या पायरीवरच्या सोळा मात्रा: अंगठा १, ५, ९, १३, बोटं १, ४, ७, ११, १४. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि एका ठोक्यात चार मात्रा मोजा. अवघड वाटलं तर ४० वर या. पहिला आठवडा हा एकच स्वरमेळ. दुसऱ्या आठवड्यात डी सेव्हन जोडा, अंगठा चौथ्या तारेवर आणि बोटं त्याखालच्या तीन तारांवर. अंगठा कधीच थांबता कामा नये. बोटं चुकली तर चुकू द्या, अंगठा चालत राहिला की पुढच्या आवर्तनात बोटं आपोआप जागेवर येतात.

हात बसला असं वाटलं, की लगेच गायला जाऊ नका. आधी वाजवता वाजवता मोठ्याने वर्तमानपत्र वाचा. पहिल्या दोन ओळींत तुमचं वाचन ठेक्याच्या तालावर पडायला लागेल, शब्द मात्रांना चिकटतील. तसं झालं की थांबा आणि पुन्हा सुरू करा. बातमी बातमीसारखी वाचता आली आणि हात तसाच चालत राहिला, की मग 'शेगा जी साउदाजी'ची पहिली ओळ गुणगुणून बघा, अगदी हळू, समोर बसलेल्या एकाच माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.